पपांचा वेज, ग्लोरियाचं माप

“काका, याने साप मारता का?”

माझ्या मैत्रिणींनी, पिंकी आणि सुरुचीने, पैज लावली, म्हणून गिरीजच्या एसटी स्टॉपवर मी लोखंडी दांडा घेतलेल्या त्या काकांना बिनधास्त विचारलं. उत्तर त्यांच्या मुलीने, ग्लोरियाने दिलं.

“साप नाही गं, बॉल. गोल्फचा वेज आहे हा, बॉल उंच उचलायला. पण पपा, रविवारच्या संघाच्या निवडीला मी हा नेणार नाही.”

“का? दुबईत मी याच्यावर कप जिंकलाय, बाय!”

“तिथे वाळू होती. याचा तळ जाड, म्हणून वाळूत रुतत नाही. इथल्या टणक मातीवर तोच आपटून उसळतो आणि बॉलच्या डोक्यावर बसतो.”

“दांडा जरा खालून धर.”

“खालून धरला की वरचं टोक पोटात टोचतं. तुम्ही सहा फूट, मी पाच.”

“आईवर गेलीस, मी काय करू?”

“सांगू तिला?”

“नको! माझ्या ताटातलं मटणाचं इंद्याल बंद करेल ती.”

“नवा घेऊ. गोल्फचा दुकानदार मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतो. गवतावर, मातीवर मारून बघायला देतो.”

“लग्नाचा ब्लाउज शिवतेस का?”

“मग ब्लाउजही तुमच्या मापाचा घालू?”

अख्खी रांग हसली.

“बस आली, चढ.”

“कुठे, घरी?”

“दुकानात! हा माझ्याकडेच राहू दे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, वाळूत मीच खेळेन.”

घरी पोचताच चपलाही न काढता मी जाहीर केलं, “आई, बाबा, दादाच्या मापाच्या बॅटने मी यापुढे क्रिकेट खेळणार नाही. शनिवारी दुकानात जायचं, आणि माप माझं घ्यायचं.”