नाव तेच, हिरो नवा

एसटी स्टँडवर बकुळाच्या हातातल्या डब्याचं झाकण खट्कन वाजलं. आत घावणे होते. तीन वर्षांनी नवरा मुंबईहून येत होता. मांडीवर बसलेल्या पाच वर्षांच्या रंजूला बापाचा चेहराही आठवत नव्हता. शेजारी दोघे गप्पा मारत होते.

"खंडू, यंत्रमानवाच्या पिक्चरचा पाचवा भाग लागलाय."

"चौथ्यात पृथ्वी फुटली ना रे?"

"फुटलीच नाय असं धरायचं. परत पहिल्यापासून."

"हिरो तर मेला!"

"नवा घेतलाय. नाव तेच."

"आणि लोकांना चालतं?"

"आपल्या शिमग्यात संकासुराच्या मुखवट्याआड दरसाल माणूस नवा. पोरं घाबरतातच ना?"

"मग जाऊया की!"

तेवढ्यात मुंबईची गाडी आत वळली. रंजूने आईचा पदर घट्ट धरला.

"आई, बाबाच्या नावानं नवाच कोणी उतरला, तर तुला तरी कळेल?"