त्यांच्या बीअरचा वास

बसा. कुणी उठू नका. तुमी कामंधामं टाकून आलात, नांदूरघाटापासून पाहुणे आलेत, त्याबद्दल मी हात जोडते. मला बोलायला कुणी सांगितलं न्हाई. बाईमाणसानं, त्यातून कालपरवा नवऱ्याचं तेरावं झालेल्या बाईनं, मांडवात उभं राहून बोलायची आपल्या गावात रीत न्हाई. पण बसून ऐकत राहिले तर मला मळमळतंय. खरंच मळमळतंय. म्हणून उठले.

मी शोभा. तुमी ज्यांच्या फोटोला हार घातला, त्यांची बायको. तुमी त्यांना मधूअण्णा म्हणायचा. कुणाच्या बोअरची मोटार जळली की मधूअण्णा. उन्हातान्हात, कुठल्याबी शेतात.

मघाशी सरपंच म्हणाले, मधूअण्णा निर्व्यसनी व्हते. तात्या, तुमी मोठे हाव, मी मान ठेवते. पण तुमच्या मिशीला त्यांच्या बीअरचा फेस लागलेला मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. मग मेलेल्या माणसाला कशाला धुवून काढताय? सगळ्यांनी मोटारीचं सांगितलं, भजनाला पेटी दिल्याचं सांगितलं. बीअरचं कुणी सांगितलं न्हाई. आमचे हे घरी बीअर करायचे. आता सगळ्या माना खाली गेल्या. घरात करणं कायद्यात बसतं का न्हाई, ते मला इचारू नका. पिताना तुमी कुणी इचारलं न्हाई.

लग्नाआधी हे औरंगाबादेला बीअरच्या कारखान्यात फिटर व्हते. काम सुटलं, गावी आले, मोटारीचं दुकान टाकलं. पण ते डोक्यातून गेलं न्हाई. म्हणायचे, शोभा, तिथं हे मशिनी करायच्या, मला हातानं जमतंय का बघायचंय. ज्वारी भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, भरडायचे. गरम पाण्यात ठिवून गाळायचे. कसली तरी कडू फुलं ऑनलाइन मागवायचे अन् ती टाकून उकळायचे. मग गार करून, खमीर घालून ड्रममधी भरून ठिवायचे, दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत.

अन् त्या खोलीचा वास. बायांनो, तुमाला काय सांगू. पहिल्या वर्षी त्या खोलीत शिरलं की पोटातलं वर यायचं. एकदा सडक्या अंड्याचा. एकदा भिजलेल्या कुत्र्याचा. उन्हाळ्यात नेलपॉलिशचा. एकदा ड्रमवर अशी साय आलती, नासक्या दुधावर येती तशी, अन् तिच्यात पाल मेलेली. मी दारातच वकले. मला ह्या सगळ्याची किळस व्हती. आजबी हाय. मी त्यांच्या बीअरचा थेंब तोंडात घेतला न्हाई.

पण ते माझ्याकडंच यायचे. गिलास घिऊन चुलीपाशी यायचे अन् म्हणायचे, वास घे. मी म्हणायचे, न्यावं तिकडं. ते म्हणायचे, "बाहेर इचारून काय उपेग न्हाई गं. फुकट पिणारा माणूस वाईट म्हणत न्हाई. तुला किळस येती ना, ती खरी हाय. कशाची येती तेवढं सांग."

मी सांगायचे. अंडं. कोबी. आंबट ताक. ते खाली मान घालून ऐकायचे अन् मग त्याच्या मागं लागायचे. ड्रमला आतून चरे पडलेत, त्यात घाण बसती, म्हणून ड्रम बदलले. उन्हानं खोली तापती म्हणून ड्रमला ओलं गोणपाट गुंडाळलं, रोज पाणी मारलं. नळ्या, बाटल्या, बुचं, सगळं उकळत्या पाण्यातून काढायला लागले. मला म्हणायचे, बाळंतिणीच्या खोलीसारखी ठिवायची ही खोली. अंड्याचा वास गेला. कुत्र्याचा गेला. मागच्या उन्हाळ्यात नेलपॉलिशचाबी गेला.

अन् तुमी काय म्हणायचा? सडकी व्हती तवाबी म्हणायचा, अण्णा, लई भारी. चांगली झाली तवाबी म्हणायचा, अण्णा, लई भारी. आत्ता हार घालतानाबी तेच म्हणालात, लई भारी माणूस.

आता जावळाचं सांगते. म्हाइतंय सगळ्यांना कुठलं जावळ. मळ्यात बोकड कापलं व्हतं, दोन-तीन गावचे पाहुणे व्हते. हे कधी विकायचे न्हाईत, पण त्या दिवशी लई हौसेनं कॅन भरून दिले. म्हणले, पहिल्यांदा परक्या माणसाला पाजावी अशी झालीय. अन् दुपारी पंगतीतच माणसं वकायला लागली. बांधावर, गाडीखाली, एक म्हातारा पाहुणा तर पत्रावळीवरच. ह्यांनी सगळ्यांसमोर बादली घेतली अन् त्या पाहुण्याचं धोतर स्वतः धुतलं. तुमी बघत व्हता. त्या दिवसापास्नं त्यांचं नाव पडलं, वकारी अण्णा. मोटार दुरुस्तीला बोलवायला आलेली पोरंबी तेच म्हणायची.

त्या सांजंला हे घरी आले ते सरळ पत्र्याच्या खोलीत गेले. त्यातली थोडी घरी उरली व्हती. गिलास घिऊन आले. म्हणले, शोभा, बघ, काय चुकलंय. मी वास घेतला. परत घेतला. कशाचाबी वास न्हवता. भाजलेल्या भाकरीचा व्हता, पुसटसा. मी म्हणले, आहो, काहीच चुकलं न्हाई. चांगली हाय.

इतक्या वर्षांत माझ्या नाकावर त्यांनी इश्वास ठिवला न्हाई तो त्या एका दिवशी. म्हणले, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतीस. तूबी त्यांच्यासारखी झालीस.

उरलेली सगळी मोरीत वतली. ड्रम फोडले. मग महिनाभर माणूस जेवताना बोटांचा वास घ्यायचा. झोपेतून उठून हात धुवायचा. माझ्या हातात काहीतरी घाण हाय, म्हणायचे. कपिलधारला गेलो आमी, तिथल्या धारेखाली नुसते हात धरून उभे राहिले. पुन्हा नवे ड्रम आणले, पुन्हा सुरुवात केली, पण पहिल्यासारखं न्हाई. भ्यायल्यासारखं करायचे. अन् मग त्या सकाळी दुकानात मोटार खोलताना छातीत कळ आली. केजच्या दवाखान्यात पोचलो न्हाई.

राख सावडल्यावर दुसऱ्या दिवशी दोन माणसं माझ्या घरी आली. नावं घेत न्हाई. ती इथंच बसलीत. चहा पिली. अण्णा लई भारी व्हते, म्हणाली. मग एकजण म्हणला, "वैनी, खोलीत काय शिल्लक आसंल तर सांगा. उगं वाया जाईल."

नवऱ्याची राख गार झाली न्हवती अन् ही माणसं बाटल्या मागायला आलती. मी म्हणले, ज्या बीअरनं तुमी वकलात, ती कशाला पाहिजे?

तर दुसरा हसला. म्हणला, "न्हाई वैनी, बीअर चांगली व्हती. चढत न्हवती म्हणून आमीच कॅनमधी देशी मिसळलीती. जरा जास्तीच झाली."

मी इचारलं, मग कावून सांगितलं न्हाई त्यांना?

म्हणला, "मस्करी व्हती. नंतर लई बोभाटा झाला. मग कसं सांगायचं?"

कसं सांगायचं. अंड्याचा वास मी चाळीसदा घेतला आसंल, पण इतकी किळस मला कधी आली न्हाई. त्यांच्या कपबश्या मी घासल्या न्हाईत. उकिरड्यावर टाकल्या.

ती गेल्यावर मी पत्र्याच्या खोलीत गेले. शेवटच्या बाटल्या बुचं लावून ठिवलेल्या व्हत्या, त्यांनी चाखल्याबी न्हवत्या. एक फोडली. वास घेतला अन् जल्मात पहिल्यांदा एक घोट घेतला. कडू लागली. मला न्हाई आवडली. पण नितळ व्हती, पावसाळ्यानंतरच्या हिरीच्या पाण्यासारखी. बाकीच्या तशाच हायत. कुणाला मिळणार न्हाईत.

आता सगळ्यांनी उभं ऱ्हावा. शांतता पाळायचीय. दोन मिनिटांचं घड्याळ मी लावणार न्हाई. त्या दोघांपैकी कुणाला जे घरात सांगितलं ते मांडवात सांगायचं आसंल, तर माईक हितं हाय, मी बाजूला होते. तोवर कुणी बसू नका. कुणी त्यांना चांगलं म्हणू नका.

आहो, फोटोतनं ऐका. तुमचे हात स्वच्छ व्हते.