व्हिसाच्या फोटोसाठी झालेल्या रडारडीबाबत

मी, बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओचा मालक, वय ६६ वर्षे, धंदा फोटोग्राफी, राहणार स्टुडिओच्याच वरच्या मजल्यावर, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, माझ्या दुकानात आज कोणीही मेलेले नाही.

मी वरील ठिकाणी वडिलांच्या वेळेपासून धंदा करतो. गिऱ्हाईक खुर्चीत बसले की मी "जरा हसा" म्हणतो. ही आमच्या दुकानाची पद्धत आहे. हसल्याशिवाय मी कोणाला खुर्चीतून उठू दिलेले नाही. घटस्फोटाच्या कागदांना लागणारे फोटोसुद्धा माझ्याकडून हसरेच गेले आहेत.

सदर गृहस्थ (सेवानिवृत्त कारकून) व त्यांच्या पत्नी माझ्या जुन्या ओळखीचे आहेत. त्यांच्या लग्नाचे फोटो मीच काढले. त्यांची एकुलती एक मुलगी युरोपात असते. देशाचे नाव मला सांगता येणार नाही. तिथे फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा लागतो एवढे खात्रीने सांगतो. मुलीचे दिवस भरत आले आहेत. तिच्या बाळंतपणासाठी सदर बाईंना जायचे आहे. गृहस्थांची आई अंथरुणाला खिळलेली असल्याने ते मागे राहणार होते.

मागच्या आठवड्यात बाईंचा व्हिसाचा फोटो मी काढला. सवयीने "जरा हसा" म्हणालो. त्या हसल्या. फोटो झकास आला, मी तो मोठा करून दुकानाच्या काचेत लावणार होतो. व्हिसा केंद्रातल्या मुलीने तो परत केला. दात दिसता कामा नयेत, ओठ मिटलेले हवेत, चेहऱ्यावर कसलाही भाव नको, असा नियम आहे म्हणे. मोठ्या मिनतवारीने आज चारची वेळ पुन्हा मिळाली. ही चुकली असती तर पुढची वेळ बाळ जन्मल्यानंतरची होती.

आज दुपारी जेवणाच्या सुमारास दोघे दुकानात आले. सोबत गृहस्थांची धाकटी बहीण, म्हणजे बाईंची नणंद होती. तिला कोणी बोलावले होते असे वाटत नाही. ती मागच्याच गल्लीत राहते. आईला बघायला अधूनमधून येते, चहा घेते, वहिनीच्या कामातल्या चुका काढते आणि उन्हे उतरली की घरी जाते. हे मला बाईंनी सांगितलेले नाही. सगळ्या बाजाराला माहीत आहे.

मी बाईंना खुर्चीत बसवले. भिंतीचा रंग चालत नाही म्हणून गृहस्थांना त्यांच्यामागे पांढरी चादर धरून उभे केले. मग मी "हसू नका" म्हणालो आणि बाईंना हसू फुटले. मी म्हणालो, "वहिनी, विजेचं बिल आठवा." त्या आणखी हसल्या. गृहस्थ चादरीआडून म्हणाले, "अगं, माझे काका गेले तो दिवस आठव." बाई म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी तुम्ही दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेला होतात!" आणि खुर्चीतून पडता पडता राहिल्या. मुलीने गोड बातमी कळवल्यापासून हिचे तोंड मिटलेलेच नाही, असे गृहस्थांचे म्हणणे पडले.

विचारले असता सांगतो की, मारहाण झालेली नाही. आवाज चढले होते हे खरे. चार वाजायला आले की काय असे वाटत होते आणि मुळात चूक माझी होती, त्यामुळे माझाच पारा सगळ्यात जास्त चढला होता.

तेव्हा नणंद म्हणाली, "सरका. वहिनीला रडवायचं काम माझं." हे तिने अभिमानाने सांगितले. आधी तिने ठेवणीतले टोमणे काढले. बाई म्हणाल्या, "हे सगळं ऐकून झालंय गं," आणि हसतच राहिल्या. मग नणंदेने फरशीवर बसकण मारली, कपाळ धरले आणि गळा काढला: "दादा गेला गं वहिनी! आपल्याला सोडून गेला!" दादा त्या वेळी चादर धरून उभे होते.

नणंदेचा आवाज खणखणीत आहे. समोरच्या कापडवाल्याने अर्धे शटर ओढले. माझ्या शेजारचा चष्मेवाला, ज्याचे आणि माझे सामाईक पायरीवरून बोलणे बंद आहे, तो लांब चेहरा करून आत शिरला, बाईंना "वहिनी, धीर धरा" म्हणाला आणि त्यांना हसताना पाहून मागच्या मागे बाहेर पळाला. त्याने पोलिसांना फोनवर सांगितले ते मी स्वतः ऐकले: "नवरा मेलाय आणि बायको हसतेय, लवकर या." चादरीखाली गृहस्थांचे दोन्ही पाय दिसत होते. चष्म्याचा धंदा करणाऱ्याला ते दिसू नयेत, याची नोंद व्हावी.

नणंदेचे रडणे चालूच होते. तेवढ्यात गृहस्थ चादरीआडून हळूच म्हणाले, "आणि अगं, तू तिकडे असताना मला खरंच काही झालं, तर?" त्यांना हे गमतीने म्हणायचे होते की कसे, ते मला सांगता येत नाही. त्यांचा चेहरा दिसत नव्हता. बाईंचे ओठ मिटले. मी बटण दाबले. फोटो नियमाप्रमाणे आला आहे. तोंड बंद, नजर समोर, दोन्ही कान दिसतात. भाव नको असे नियमात आहे, तेवढ्याबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी नाही जात."

गृहस्थांनी चादर टाकली. "अगं, मी आपलं बोलायला बोललो! पोरगी वाट बघतेय तिकडे."

"तुम्ही आजारी पडलात तर आईंना कोण बघणार? आणि तुम्हाला कोण बघणार? कोण आहे इथे?"

नणंद अजून रडत होती, पण आता ते रडणे खोटे राहिलेले नव्हते. भावाच्या नावाने गळा काढणे तिला भलतेच लागले होते. मी तिला पाणी दिले. ते न पिताच ती म्हणाली, "मी आहे ना. आईला मी बघते. वहिनी, तू पुढे हो. आणि दादाचेही कागद भरा, त्यालाही पाठवा."

गृहस्थ म्हणाले, "तुला जमायचं नाही. रात्रीचं सारखं उठावं लागतं."

"उठेन. माझीही आईच आहे ती."

बाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना चहा बशीत ओतून द्यावा लागतो. कप धरवत नाही आता."

नणंद म्हणाली, "मला माहीत नव्हतं. अजून सांग."

याच वेळी आपले हवालदार आत आले आणि त्यांनी "बॉडी कुठे आहे?" असे विचारले. गृहस्थांनी नोकरीतल्या हजेरीच्या सवयीने हात वर केला.

ठाण्याकडे निघण्यापूर्वी हवालदारांच्या परवानगीने मी गृहस्थांचाही फोटो काढला. त्यांचा चेहरा मुळातच व्हिसाच्या फोटोचा आहे, पण नेमका आज हसल्याने बिघडला. उद्या परत काढावा लागेल.

चारची वेळ असल्याने साहेबांनी त्या दोघांना आधी सोडले. बाईंची फाईल घेतली गेल्याचा गृहस्थांचा फोन हा जबाब चालू असताना आला. चष्मेवाल्याविरुद्ध या प्रकरणी माझी तक्रार नाही. पायरीबाबतची वेगळी देईन.

नणंद पोलीस ठाण्यात आलेली नाही. आईच्या औषधाची वेळ झाली म्हणून ती माझ्या दुकानातूनच परस्पर भावाच्या घरी गेली. तिचा जबाब घ्यायचा असल्यास पुढचे दोन महिने ती तिथेच भेटेल.

वर लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तेच आणि तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करतो.