दिनूअण्णानं सा-प मध्ये लावलेली गिटार

शोभावैनी, पोरांनो, निपाणीतल्या आणि बेळगावाहून आलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

माझ्या आधी चौघं बोलले, चौघंही छान बोलले. मी मात्र तीन वेळा नको म्हणालो. बँकेच्या खिडकीत बसून आयुष्यभर माणसांशी बोललो, पण दिनूअण्णाला 'होता' म्हणायचं म्हटलं की जीभ उचलत नाही. शेवटी वैनी म्हणाल्या, "बाकीचं लोकं सांगतील. गिटारीचं तुमीच सांगा." म्हणून उभा आहे. आणि खरं सांगू? ते गिटारीचं आठवलं की मला रडूच येत नाही. अंगात नुसती वीज फिरते. हसू आलं तर तुम्हीही हसा. त्याला चालेल.

इथं बसलेल्या किती जणांच्या वरातीत अण्णा वाजवत होता? हात वर करू नका, सगळेच कराल. ढकलगाडीवर आडवा ठेवलेला बेंजो, डाव्या हाताची बोटं त्याच्या बटणांवर, उजव्या हातानं तारा छेडणं चाललेलं, आणि वर कर्णा. मी ताशावर. माणसं नाचून नाचून घामाघूम व्हायची. पण अण्णा गाडीवरचं सामान आवरताना म्हणायचा, "लई नाचली रं लोकं. पण ऐकलं कुणी? एकदा तरी लोकांनी बसून, माझ्याकडं बघून ऐकाय पायजे." एवढंच त्याला हवं होतं. दुसरं काही नाही.

तेव्हा मी बेळगावात कॉलेजला होतो. अनगोळात आत्याकडं राहायचो, शनिवारी निपाणीला यायचो. ऐंशी साल नुकतंच मागं पडलं असेल. माझा मामा लोंढ्याला रेल्वेत. गोव्याच्या कुणाकडून तरी टेप केलेली एक कॅसेट त्यानं मला दिली. परदेशातला कुठलातरी बँड. कॅसेटवर नाव नव्हतं, शब्द आम्हाला कळत नव्हते. पण त्यातलं पहिलं गाणं! सुरुवातीलाच गिटार अशी गुरगुरायची की छातीचं हाड थरथरावं. ढँग, ढगा ढँग, ढँऽऽऽ!

अण्णानं ते ऐकलं. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा टेप बंद करून म्हणाला, "ह्ये मी वाजवणार."

मी म्हणालो, "अण्णा, ही इलेक्ट्रिक गिटार हाय. बेंजो न्हवं."

"तारच हाय न्हवं? मग झालं."

आता गिटार आली कुठून? बेळगावात एक ऑर्केस्ट्रा मोडला होता. त्यांचा ॲम्प्लिफायर अण्णानं दुरुस्त करून दिला, तर त्यांनी अडगळीतली गिटार याच्या गळ्यात मारली. मान थोडी वाकडी, तारा दोनच. अण्णानं बाकीच्या तारा बेंजोच्या घातल्या. आणि मग, मित्रहो, त्यानं ती लावली. कशी लावली? बेंजोसारखी! सा आणि प, सा आणि प. सहाच्या सहा तारा दोनच सुरांत! गिटारीच्या प्रत्येक तारेचा सूर वेगळा असतो, हे आम्हाला सांगणार कोण? निपाणीत दुसरी गिटार होती कुठं?

वैनींच्या नेलपॉलिशची बाटली घेतली आणि गिटारीच्या मानेवर आकडे काढले. एक, दोन, तीन, बेंजोच्या बटणांसारखे. वैनी ओरडल्या, "अवं, लग्नातली बाटली हाय ती!" पण आकडे निघाले. मग कॅसेट मागं घ्यायची, एक तुकडा ऐकायचा, वहीत आकडे लिहायचे. पाच पाच तीन, पाच पाच सात. परत मागं. ती कॅसेट बिचारी इतकी झिजली की गाणारा घसा बसल्यासारखा गायला लागला.

तो रविवार मी विसरणार नाही. दुपारची वेळ. गिटार मांडीवर आडवी, वरातीतला आमचा म्हातारा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजावर पिळलेला. अण्णानं एक बोट सहाही तारांवर आडवं टाकलं आणि हात मारला. ढँग, ढगा ढँग, ढँऽऽऽ! तेच! अहो, तेच! सा-प मध्ये लावलेल्या तारा, एका बोटात सगळा भरगच्च सूर, आणि ॲम्प्लिफायर फाटल्यासारखा गुरगुरतोय. पत्र्यावरचे कावळे उडाले. शेजारच्या बोळात विड्या वळणाऱ्या बायका मांडीवरची सुपं खाली ठेवून दारात आल्या. अण्णाची आई म्हणाली, "काय पेटलं रं?" मी ताशा गळ्यात अडकवला आणि आम्ही दोघं दिवस मावळेपर्यंत थांबलो नाही. हात सुजले. लई म्हणजे लई मजा!

मग मी एक शहाणपणा केला. मामाच्या ओळखीचे लोंढ्याचे एक मास्तर होते, चर्चमध्ये गिटार वाजवायचे. त्यांना घेऊन आलो. सज्जन माणूस. त्यांनी गिटार हातात घेतली, एक तार छेडली, दुसरी छेडली, आणि माझ्याकडं बघत राहिले. "ही कुणी लावली? असं नसतं बाबा." त्यांनी ती रीतसर लावून दिली, चहा घेतला आणि दुपारच्या बसनं गेले. अण्णानं बोट आडवं टाकलं. सहा तारा सहा तोंडांनी भांडायला लागल्या! मी म्हणालो, "अण्णा, हीच खरी पद्धत. शीक." त्यानं आठ दिवस प्रयत्न केला. पुढच्या शनिवारी आलो तर गिटार परत सा-प मध्ये. मला म्हणाला, "मास्तरांचं बरोबर हाय. पण गाणं ह्यातच हाय, त्याला मी काय करू?"

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी नाव दिलं. 'बेंजो पार्टी' नाही दिलं. 'रॉक ग्रुप, निपाणी' दिलं. ग्रुप म्हणजे कोण? अण्णा आणि मी! अण्णा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. गिटार पहिल्यांदाच उभी, गळ्यात. पोरं हुल्लड करत होती. नेलपॉलिशचे आकडे बघून पुढची रांग खिदळली. आणि अण्णानं हात मारला.

काय सांगू तुम्हाला! हॉल गप्प झाला. एक पोरगं उठलं नाही, एक पोरगं नाचलं नाही. मराठी, कानडी, हिंदी, सगळ्या भाषांतली पोरं तोंडं उघडी टाकून अण्णाकडं बघत होती. ताशावर माझे हात चालले होते आणि मी अण्णाचं तोंड बघत होतो. लहान लेकरासारखा हसत होता. गाणं संपलं आणि जी टाळी पडली, ती आजही माझ्या कानात आहे.

मग आमचे एक प्रोफेसर माईक घेऊन वर आले. विचारलं, "असं वाजवायला कुठं शिकलात?" अण्णानं सांगायला तोंड उघडलं. आणि मी, मी तो माईक ओढून घेतला. म्हणालो, "सर, लोंढ्याच्या मास्तरांनी शिकवलं. वेस्टर्न पद्धतीनं."

का म्हणालो? कारण समोर माझ्या वर्गातली पोरं होती. मी वरातीत ताशा वाजवतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

परतीच्या बसमध्ये अण्णा गिटार मांडीवर घेऊन बसला. संकेश्वर आलं, तेव्हा खिडकीबाहेर बघत त्यानं एवढंच विचारलं, "बेंजो म्हणाय लाज वाटली व्हय रं तुला?" मी झोपल्याचं सोंग केलं. पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही. माझ्या लग्नात पाच तास वाजवलं. बँकेतल्या माझ्या साहेबांनी कौतुक केलं, तर हसून म्हणाला, "मास्तर चांगलं मिळालं हुतं." माझ्या तोंडावर, अगदी माझ्याकडं बघून. मी तेव्हाही खरं न सांगता साहेबांना जेवायला घेऊन गेलो.

म्हणून आज त्याच्या पोरांसमोर, तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ज्या हातानं त्यानं तुमच्या वराती वाजवल्या, त्याच हातानं ते गाणं शोधलं. बेळगावच्या त्या हॉलनं श्वास रोखून जे ऐकलं, ते बेंजोवाल्या दिनकरचं होतं. सगळं त्याचं होतं.

आता आपण दोन मिनिटं उभं राहूया. त्या दोन मिनिटांआधी मला एक उत्तर द्यायचंय. फार उशीर झालाय, पण देतो.

व्हय अण्णा. वाटलेली लाज. माझं चुकलं.

जय भीम.