नावाशिवाय बोलायचं नाही

मी, वय एकाहत्तर, पूर्वी इंग्रजीची प्राध्यापिका, आता निवृत्त, राहणार विद्यापीठामागच्या गल्लीत धाकट्या बहिणीकडे, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

विद्यापीठाच्या वादसभेची मी अनेक वर्षे अध्यक्ष होते. निवृत्तीनंतरही वादळी सभेला मलाच बोलावतात, कारण माझ्यापुढे कोणाची आरडाओरड चालत नाही. सभेचा नियम मीच घालून दिला आहे: उभे राहायचे, नाव, विभाग आणि वसतिगृहातली खोली सांगायची, मग बोलायचे. नाव सांगितल्यापासून तीन मिनिटे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी आम्हाला असेच वाढवले. निनावी बोलणारा भित्रा असतो, असे माझे मत होते.

शुक्रवारी दुपारी सभा होती. शिष्यवृत्तीवरच्या मुलांमुळे विद्यापीठाचा दर्जा घसरतो, असे लिहिणारे एक गृहस्थ पाहुणे होते. त्यांना बोलावू नये असा अर्ज आला होता. त्यांना बोलू द्या आणि उत्तर द्या, असे मी ठणकावले. ते मी आजही म्हणेन.

त्यांचे झाल्यावर पहिल्या वर्षाची एक मुलगी उठली. तिने नाव सांगितले नाही. मी विचारले, "नाव?"

"मॅडम, नुसतं बोलू द्या ना. आम्हा शिष्यवृत्तीवाल्यांतल्या दोघींना धमक्या आल्यात. खोली कळली तर दारात येतील."

मी म्हटले, "येऊ देत की. चहा पाज."

सभागृह हसले. मी हसू दिले.

मग तिने नाव, विभाग, खोली सांगितली. मागून कोणीतरी ओरडले, "पत्ता मिळाला रे!" पुन्हा हशा. तिचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. तीन मिनिटे झाल्यावर मी घंटा वाजवली. ओरडणारा कोण, ते मी पाहिले नाही. मी घड्याळ पाहत होते.

संध्याकाळी पाचसहा जणांनी तिच्या दारावर लाथा घातल्या. गॅलरीच्या कठड्यावरून शेजारच्या खोलीत जाताना ती खाली पडली. हे मला वसतिगृहाच्या बाईंकडून कळले.

आज सकाळी कुलसचिव घरी आले. म्हणाले, "मॅडम, एवढंच सांगा, पत्ता तिनं भर सभेत स्वतः जाहीर केला. खोटं थोडंच आहे? नाहीतर सगळं आमच्या गळ्यात येईल." मी म्हटले, "खोटं नाही, म्हणूनच तुम्हाला गोड लागतंय." बहिणीने त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही.

त्यानंतर मी रुग्णालयात गेले. मुलगी शुद्धीवर नव्हती. तिच्या आईने मला ओळखले नाही. "तुम्ही तिकडच्याच का? एवढा राग यावा असं काय बोलली हो आमची पोरगी?"

सभेत ती काहीच बोलली नव्हती.

जबाब मला वाचून दाखवला. "मुलीने सभेत आपला पत्ता सांगितला" असे हवालदारांनी लिहिले होते. ते खोडायला लावून "मी तिला सांगायला लावला" असे करून घेतले व खाडाखोडीवर सही केली. आता तो बरोबर आहे.