तीन कांड्या

(भाट्ये, रत्नागिरी. मार्च १९८९. रविवारची सकाळ. देव्हाऱ्याखाली गुरांच्या दवाखान्यातला द्रव, अतिथंड नायट्रोजनचा कंटेनर. प्रवासाची बॅग भरून दाराशी ठेवलेली.)

दमयंती: परत घाला पट्टी.

सखाराम: दोनदा घातली.

दमयंती: तिरकी गेली असेल. तळाला टेकली नसेल.

सखाराम: अगो, बारा वर्षं गुरांच्या दवाखान्यात नायट्रोजन मोजायला हीच लाकडी पट्टी घालतोय मी. आत नायट्रोजन असता तर लाकूड पांढरं होऊन वर आलं असतं. हे बघ. हात लाव. कोरडं.

दमयंती: म्हणजे काय?

सखाराम: संपला. कंटेनर रिकामा आहे.

दमयंती: कांड्या आहेत ना आत? तीन?

सखाराम: कांड्या आहेत.

दमयंती: मग भरा ना नायट्रोजन. तुमच्या दवाखान्यात मोठी टाकी आहे. लवू अकराला रिक्षा घेऊन येईल, त्याच्या आधी जाऊन या.

सखाराम: वितळलेलं परत गोठवलं म्हणून जिवंत होत नाही. बैलाचं वीर्य सुद्धा होत नाही.

दमयंती: बैलाचं नाव काढू नका. त्या तीन नळ्यांत आपले गर्भ आहेत.

सखाराम: होते.

दमयंती: असं नका बोलू हो. असं नका बोलू. परवा सकाळी आठला मुंबईच्या डॉक्टरांनी बोलावलंय. परवा ते पोटात ठेवायचेत. तुम्ही काहीतरी करा. तुम्हाला ह्यातलं कळतं.

सखाराम: कळतं म्हणूनच सांगतोय.

दमयंती: माझ्या अंगात आता दुसरं काही नाही. एक बीजकोश काढला, दुसरा सुकला. डॉक्टर तुमच्यासमोर म्हणाले, बाई, आता तुमचं जे काही आहे ते या तीन कांड्यांत आहे. तुम्ही मान डोलावलीत.

सखाराम: मला काय नको होतं? माझं त्यात काहीच नव्हतं?

दमयंती: मग हे झालं कसं?

सखाराम: तेच तुला विचारायचंय. मागच्या शनिवारी मी गळ्यापर्यंत भरला. भरला की तीन आठवडे बघायला लागत नाही. आपोआप संपत नाही तो. कुणीतरी बूच काढलं.

दमयंती: कुणी?

सखाराम: दुपारी मी दवाखान्यात असतो. घरात कोण असतं?

यमुनाबाई: काय रे बाबा? सकाळी सकाळी देवासमोर कसला हा गोंधळ? आणि हिनं तोंड का असं क्येलंन?

सखाराम: आये, संपलं. आतलं सगळं गेलं.

यमुनाबाई: गेलं म्हंजे?

सखाराम: बूच उघडं राहिलं. तिघंही मेली.

यमुनाबाई: अरे माझ्या देवा. माझी नातवंडं रे! काय क्येलंस गो बाय हे?

दमयंती: मी?

यमुनाबाई: मग आणि कोण? दुपारभर त्या डब्याला चिकटून बसायचीस. मी पडवीत पडल्या पडल्या ऐकायचे ना. डब्याशी गप्पा मारायची ही. आज ऊन लई हाय, आज कोलंबी आणली, तुमचे बाबा उशिरा येणार. जसा काय पाळणाच!

दमयंती: बोलायचे मी. वरून हात लावायचे. उघडलं नाही कधी.

यमुनाबाई: जिच्या पोटाला धरत नाय, तिला दम तरी कसा धरंल? बघितलंन असंल उघडून.

दमयंती: काय बघणार होते आई? टाचणीच्या टोकाहून बारीक असतं ते. डॉक्टरांनी सुद्धा यंत्रातून दाखवलं मला.

सखाराम: आठवून बघ. गर्भ धरायच्या त्या सुयांनी डोकं ठिकाणावर नसतं तुझं. परवा चहात मीठ घातलंस.

दमयंती: घातलं. पण हे... मी उघडलं असेन का हो? आणि मलाच आठवत नसेल?

सखाराम: मी तसं म्हणत नाही. पण होऊ शकतं.

यमुनाबाई: मी पयलेछूट बोलले व्हते. बर्फातली मासळी आपण परगावी धाडतो, आपल्या ताटात घेत नाय. आणि ही बर्फातली पोरं आणायला निघाली.

दमयंती: तुम्हीच आणवलीत घरी, आई. डॉक्टर महिनाभर दवाखान्याची जागा बदलत होते. त्यांच्या मोठ्या टाकीत ती नीट राहिली असती. तुम्ही म्हणालात, तिथं पन्नास घरची बीजं, आपल्यात दुसऱ्या जातीचं मिसळलं तर? आणि हे म्हणाले, माझ्याकडे कंटेनर आहे, मी नेतो. डॉक्टर नको नको म्हणत होते. ह्यांनी सही करून दिली.

सखाराम: त्यात चुकलं काय? मी सांभाळलंच ना तीन आठवडे?

दमयंती: थांबा. ते बूच इकडे करा. ही राख कसली?

सखाराम: कुठं?

दमयंती: बुचाच्या कडेला. आणि ही गळ्यालाही लागलीय. बघा ना, बोटाला आली. आपल्याकडे एवढी बारीक राख कुठली?

सखाराम: उदबत्तीची उडाली असेल. देव्हारा वरच आहे.

यमुनाबाई: उदबत्तीची नाय ती. देवीचा अंगारा हाय. पाय देऊ नकोस, कपाळाला लाव.

सखाराम: आये, तू गप्प बस जरा.

यमुनाबाई: का रे? चोरी क्येलेय मी? सोमवारी देवळात ग्येलवते. गुरवाकडनं अंगारा आणला, फडक्याची इवलीशी पुडी क्येली नि दोऱ्यानं आतल्या डब्याच्या दांडीला बांधली.

दमयंती: तुम्ही बूच काढलंत.

यमुनाबाई: काढल्याबिगर बांधणार कशी? पोटुशी बाईच्या पोटाला आपण अंगारा लावतो का नाय? नजर लागू नये म्हणून? मग हितं पोट कुठाय? तुझं पोट तर रिकामं. पोरं डब्यात. म्हंजे डबा हेच पोट. मी पोटाला अंगारा लावला. दुसरं कायपण नाय.

दमयंती: आणि बूच परत बसलं?

यमुनाबाई: दोरा मधी आला. थोडं वर राहिलं. माझी बोटं वातानं वाकलीत, मला कुठं दाबता येतं? धूर येत व्हता पांढरा पांढरा, थंडगार. बरं वाटलं बघ. म्हटलं, देवी पावली.

दमयंती: तो नायट्रोजन जात होता, आई. सोमवारपासून. तुम्ही बसून बघत होतात.

यमुनाबाई: मला काय ठावं? देवाचं घातल्यानं कुणी मरत नाय. त्यांना मरायचंच असंल.

सखाराम: झालं. आता कळलं ना? म्हाताऱ्या माणसाच्या हातून चूक झाली. प्रेमापोटी झाली. विषय संपवा.

दमयंती: पुडी कुठाय?

सखाराम: काय?

दमयंती: अंगाऱ्याची पुडी. दांडीला नाही. आत पण दिसत नाही.

सखाराम: पडली असेल तळाला.

दमयंती: आणि बूच वर राहिलं होतं म्हणाल्या ना आई? मघाशी तर तुम्ही दोन्ही हातांनी ओढून काढलंत. घट्ट बसलेलं. आईंना दाबता येत नाही. मी हात लावला नाही. मग घट्ट कुणी केलं?

सखाराम: रिक्षा येईल आता. बॅग बघ.

दमयंती: मी विचारतेय. बूच कुणी दाबलं?

सखाराम: मी.

दमयंती: कधी?

सखाराम: गुरुवारी. संध्याकाळी आलो तर तिरकं दिसलं. पट्टी घातली. कोरडी आली. पुडी काढली, बूच दाबून बसवलं.

दमयंती: गुरुवारी.

सखाराम: हो.

दमयंती: गुरुवारी जेवणानंतर तुम्ही मला तेलाची सुई टोचलीत.

सखाराम: ती रोजचीच होती.

दमयंती: शुक्रवारी टोचलीत. काल टोचलीत. कमरेला गाठी आल्यात, कुशीवर वळता येत नाही मला. काल मी म्हटलं, आज राहू दे, फार दुखतंय. तुम्ही काय म्हणालात?

सखाराम: आठवत नाही.

दमयंती: तुम्ही म्हणालात, पोरांसाठी एवढं सोस.

सखाराम: सुई एकदम बंद केली असती तर तू विचारलं असतंस, का बंद केली. काय सांगणार होतो?

दमयंती: खरं सांगायचं होतं!

सखाराम: खरं सांगून कांड्या जिवंत होणार होत्या? तू आईला धारेवर धरलं असतंस. आत्ता धरलंयस तसंच. मी विचार केला, रविवारी निघायच्या आधी तुझ्यासमोर पट्टी घालायची. कोरडी निघेल. तू रडशील. मग मी म्हणेन, जाऊ दे, मी तुला दोष देत नाही. आणि मिटेल.

दमयंती: मला दोष देत नाही.

सखाराम: नव्हतोच देणार. माफच करणार होतो.

दमयंती: मघाशी मला खरंच वाटलं, मीच उघडलं. स्वतःच्या हातांचा संशय आला मला. तुम्ही बघत होतात माझ्याकडे.

सखाराम: आता ऐक नीट. लवू येईल एवढ्यात. त्याला काय सांगायचं ते ठरवू. तू सांग, चुकून तुझ्या हातून बूच उघडं राहिलं.

दमयंती: का?

सखाराम: डॉक्टरांना पत्र लिहीन त्यातही तेच लिहीन. तुझी चूक म्हटली की कुणी पुढं चौकशी करणार नाही; सरकारी कंटेनर घरी आणला हे साहेबांच्या कानावर गेलं तर मला भोवेल. आणि आईचं नाव गावात गेलं तर बायका म्हणतील, आजीनं स्वतःची नातवंडं मारली. या वयात तिनं हे ऐकायचं?

दमयंती: आणि मी ऐकायचं?

सखाराम: तुला सवय आहे. बारा वर्षं ऐकतेयस. त्यात आणखी एक बोलणं काय जड आहे?

यमुनाबाई: खरंच गो बाय. तुझं नाव ग्येलेलंच हाय. माझं कशाला घालवतेस?

दमयंती: आई, तुम्हाला वाईट वाटत नाही?

यमुनाबाई: वाटतं तर! तिघांत एक तरी नातू असता. पण वाईट किती वाटून घेणार? दिसली नायत, रडली नायत. कुणाचं तोंड आठवून रडू?

दमयंती: मला तोंडं आठवतात. रोज दुपारी आठवायची.

सखाराम: पुरे आता. उद्या कंटेनर परत न्यायचाय. कोळंबे गावच्या दोन म्हशी माजावर आल्यात, नवीन कांड्या यायच्यात. आतलं काढून ठेव.

दमयंती: कांड्यांचं काय करू?

सखाराम: वापरलेल्या आम्ही उकिरड्यावरच टाकतो.

यमुनाबाई: थांब रे सखाराम. एक ऱ्हायलंच. मंगळवारी शिमग्याची पालखी आपल्या वाडीत हाय. ह्याचं सुतक बितक काय धरायचं का? सुतकाच्या घरी पालखी टेकत नाय. पुढं निघून जाते.

सखाराम: कसलं सुतक? जन्मलंच नाही त्याचं?

यमुनाबाई: तसं नको. देवीची बाब हाय. माझा नवस हाय, ह्या वर्षी पालखी मी अंगणात नाचवून घेणार.

सखाराम: आये, काही नाही. नळीतलं पाणी ते. खुशाल ओटी भर.

यमुनाबाई: मग बरं. मी घाबरलेच व्हते.

दमयंती: तुम्हाला सुतक नाही.

सखाराम: कुणालाच नाही. ऊठ आता, तोंड धू. रिक्षा वाजली.

दमयंती: मी धरणार आहे.

सखाराम: काय धरणार आहेस?

दमयंती: सुतक. दहा दिवस. देवाला शिवणार नाही, चुलीला शिवणार नाही.

यमुनाबाई: अगो येडी का खुळी तू? एकीनं धरलं तरी घर सुतकातच येतं. पालखी दारावरनं जाईल. सगळी वाडी इचारंल, कोण ग्येलं?

दमयंती: विचारू दे. सांगेन.

सखाराम: दमयंती, खिडकीतून बाजूला हो. त्याला आत येऊ दे, मी बोलतो.

दमयंती: लवू! बॅग घ्यायला येऊ नकोस. आम्ही मुंबईला जात नाही. तू आधी मानकऱ्यांच्या घरी जा. सांग, सखारामच्या घरात तिघं गेली. पालखी पुढं न्या म्हणावं.

सखाराम: लवू, थांब! लवू!

दमयंती: गेला तो. माझा भाऊ आहे, दोनदा विचारत नाही.

यमुनाबाई: काय क्येलंस गो हे? अगो, बोलाव त्याला परत. माझा नवस हाय गो. तुझ्या पाया पडते. हे बघ, हात जोडते, पाया पडते...

दमयंती: पायांना हात लावू नका, आई. सुतकात शिवत नाहीत.