मिरचीचं यंत्र माप ओलांडतं

टाळ जरा मांडीवर घ्या मंडळी, आणि मला एवढं सांगा – देणाऱ्यानं ओंजळ भरून दिलं, तरी घेणाऱ्याचं दैन्य का हटत नाही? मागून कुणी म्हणतंय, नशीब! नशिबाला बसू द्या बाजूला. ऐका.

बोरखळ नावाचं गाव. माळ असा उजाड, की कावळासुद्धा शिदोरी बांधून यायचा! दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि पोरं म्हाताऱ्यांपाशी ठेवून बाया वीटभट्टीवर जायच्या. यमुना गेल्या साली परतली, तर तिची रखमी आईला ओळखेना – आजीच्या मागं लपली. तेव्हा बायांनी बचत गट केला. थोडं त्यांनी घातलं, बाकीचं सरकारनं, आणि मिरची कांडायचं यंत्र आलं. मसाला करायचा, विकायचा, भट्टी बंद.

पण मायेला आवरणार कोण? गटाची प्रमुख गोदाक्का. तिनं यंत्राला हळदीकुंकू वाहिलं, हिरवं लुगडं नेसवलं, खणानारळानं ओटी भरली. म्हणाली, लेक आली घरी. झालं! माहेरवाशिणीला कुणी कामाला लावतं का? बटण दाबायला हात धजेना. नैवेद्य मात्र रोज. यंत्र इतकं लाडावलं, की पुरणपोळी नसली तर फुगून बसायचं! खोटं वाटतं? जाऊन विचारा त्याला.

तेवढ्यात मुकादम सांगून गेला – उद्या ट्रक आणतो. यमुना रखमीला कडेवर घेऊन गोदाक्काच्या दारात बसली.

"आक्का, ही लोखंडाची लेक बसून खाणार, आणि माझी पुन्हा मला विसरणार?"

गोदाक्कानं रखमीकडं पाहिलं. मग उठली. चौघींकडून यंत्र बाहेर काढवलं, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं, यंत्राच्या पायानं लवंडलं आणि त्याला आत घेतलं.

"आता ही सून," ती म्हणाली. "लाग बाई कामाला."

लुगडं सोडलं, मिरच्या ओतल्या, बटण दाबलं – अहो, असा ठसका उठला, की दुसऱ्या दिवशी ट्रक वेशीपाशीच शिंकायला लागला आणि शिंकत शिंकत उलटा गेला!

हसताय काय सासूबाई? यमुनेनं तिथंच बजावलं, "आक्का, सुनेलाही वेळच्या वेळी तेलपाणी लागतं."

मंडळी, सरकार म्हणजे माहेर. लेकीला भरल्या हातानं पाठवावं, मधूनमधून विचारपूस करावी, हे त्याचं काम. चूल पेटवायची ती आपण. आता येताना पाहिलं मी – तुमच्या समाजमंदिरात शिलाई यंत्रं रांगेनं उभी. गळ्यात हार, दाराला कुलूप.

किल्ली कुणाच्या कनवटीला आहे? त्यानं उठावं. आरती तोवर थांबेल.